कोंबडीला तंगड्या दोनच!

मुलामुलींनो,

अननस कशाकशात घालतात, असं वर्गात विचारलं की भराभर हात वर होतात. शिऱ्यात! केकवर! जॅममध्ये! सरबतात! आणि कोंबडीच्या रश्श्यात? असं म्हटलं रे म्हटलं की सगळा वर्ग एका सुरात, "ईऽऽ, बाई!"

नाक मुरडू नका हं. आधी आपल्याच स्वयंपाकघरात डोकावून पाहा. उन्हाळ्यात आमटीत कैरी पडते, ती फळच. माशाच्या कालवणात कोकम पडतं, तेही फळच. चिंच तर बारा महिने घरात असते. कोकणात कच्च्या फणसाची भाजी होते. गोव्यात पिकल्या आंब्याचं आणि अननसाचं सासव करतात, तेही नारळ, मोहरी आणि मिरची वाटून लावून! म्हणजे फळ, नारळ आणि तिखट-मीठ यांची दोस्ती आपल्याकडे जुनीच आहे. आज फक्त त्या दोस्तांमध्ये कोंबडीला बसवायचं आहे.

आजचा पदार्थ फिलिपीन्स देशातला. नाव लांबलचक आहे – पिनिन्याहांग मानोक. म्हणा पाहू न अडखळता तीन वेळा! 'मानोक' म्हणजे कोंबडी. पहिल्या शब्दात 'पिन्या' लपलाय, तो म्हणजे अननस. तिकडे काही घरांत ही कोंबडी साध्या दुधात शिजवतात, तर काही घरांत नारळाच्या दुधात. आपण नारळाच्या दुधात करू. रविवारी रात्रीच्या जेवणाचा हा बेत तुम्ही मुलांनी करायचा आहे. बाजारहाट तुम्ही, कापाकापी तुम्ही, वाढणंही तुम्हीच. वर मथळ्यात तंगड्यांचा हिशेब कशाला आलाय, ते वाढायच्या वेळी सांगेन.

आधी नकाशा उघडा

भूगोलाच्या पुस्तकातला जगाचा नकाशा काढा. विषुववृत्ताच्या वर कर्कवृत्त आणि खाली मकरवृत्त. दोन्ही साधारण साडेतेवीस अंशांवर. या दोन रेघांमधला पट्टा म्हणजे उष्ण कटिबंध. आता त्यात महाराष्ट्र शोधा. सापडला? अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या खाली आहे. फिलिपीन्सची सात हजारांहून जास्त बेटंही त्याच पट्ट्यात आहेत. त्यांची राजधानी मनिला आपल्या गोव्याच्याही थोडी दक्षिणेला येते. म्हणूनच नारळ, केळी, फणस, अननस इकडेही आणि तिकडेही. नारळ पिकवण्यात तर इंडोनेशिया, फिलिपीन्स आणि भारत हेच जगातले पहिले तीन देश आहेत.

अननस मात्र मूळचा ना आपला, ना त्यांचा. तो दक्षिण अमेरिकेतला. १४९३ साली कोलंबसाच्या माणसांनी ग्वाडेलूप नावाच्या बेटावर तो पहिल्यांदा पाहिला. पुढे पोर्तुगीजांनी तो भारतात आणला आणि स्पॅनिश लोकांनी फिलिपीन्समध्ये नेला. पोर्तुगीज त्याला 'अनानास' म्हणत. त्यांनी तो शब्द तिथल्या मूळ रहिवाशांकडूनच उचलला होता. तोच आपला 'अननस' झाला. स्पॅनिश लोकांना ते फळ देवदाराच्या जातीच्या झाडाच्या बोंडासारखं दिसलं, म्हणून त्यांनी त्याला 'पिन्या' म्हटलं. ते नाव फिलिपीन्समध्ये राहिलं. फळ एकच, पण कुणाच्या जहाजातून आलं त्याप्रमाणे नाव पडलं!

साहित्य (चार-पाच माणसांसाठी)

एक अख्खी कोंबडी, तुकडे केलेली, साधारण १ किलो (दुकानदाराला सांगा, "तंगड्या अख्ख्या ठेवा"), अर्धा अननस, १ मोठा नारळ, २ कांदे, २ टोमॅटो, २ गाजरं, १ ढोबळी मिरची, लसणाच्या ८-१० पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं, १ चमचा जाडसर मिरपूड, ३ मोठे चमचे तेल, चवीप्रमाणे मीठ. भातासाठी २ वाट्या तांदूळ.

फिलिपीन्समध्ये यात माशांपासून केलेलं खारट पाणी घालतात. आपण मीठच घालू. हळद-तिखट तिकडे घालत नाहीत. तुमच्या घरी तिखटाशिवाय घास उतरत नसेल, तर दोन हिरव्या मिरच्या उभ्या चिरून टाका.

कापाकापीचा क्रम

आधी फळं आणि भाज्या, कोंबडी सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा करायचा नाही बरं का! कच्च्या कोंबडीवर पोटाचे आजार करणारे जंतू असू शकतात. ते सुरीवरून, पाटावरून आणि हातांवरून भाजीत जातात. कोंबडी शिजते तेव्हा तिच्यावरचे जंतू मरतात. पण त्याच पाटावर नंतर कोशिंबिरीची काकडी चिरली, तर ती काही शिजत नाही!

नळाखाली धो-धो पाण्यात कोंबडी धुवायचीही गरज नाही. जंतू पाण्याने मरत नाहीत, उलट शिंतोड्यांबरोबर शेजारच्या भांड्यांवर उडतात. जंतू मारते ती आच. घरी धुवायची पद्धतच असेल, तर पातेल्यात पाणी घेऊन त्यात हलकेच विसळा, पाणी सावकाश ओता आणि मग मोरी साबणाने धुऊन काढा. कच्च्या कोंबडीला हात लावला की दर वेळी साबणाने हात धुवायचे, मनात सावकाश वीस आकडे मोजत.

अननसाची साल आणि डोळे मोठ्या माणसांकडून काढून घ्या. गराचे अंगठ्याएवढे तुकडे तुम्ही करा. मधला कडक दांडा फेकू नका. तो किसून, पिळून तीन-चार चमचे रस काढा. त्याचं काम आत्ताच आहे.

वीस मिनिटं, एकवीस नाही!

अननसाचा रस, एक चमचा मीठ आणि मिरपूड कोंबडीच्या तुकड्यांना चोळा आणि झाकून ठेवा. घड्याळ लावा, वीस मिनिटं.

घड्याळ कशाला? अननस खूप खाल्ला की जीभ चुरचुरते, आठवतंय? कच्च्या अननसात ब्रोमेलेन नावाचा पदार्थ असतो. तो प्रथिनं तोडतो. आपण अननस खात असतो, तेव्हा तोही थोडा थोडा आपल्या जिभेला खात असतो! मटण लवकर शिजावं म्हणून आजी कच्च्या पपईचा तुकडा लावते ना? पपईत असाच दुसरा पदार्थ असतो. वीस मिनिटांत कोंबडी मऊ होते. पण रस लावून विसरलात, तर वरचं मांस पिठासारखं भुसभुशीत होईल. आच लागली की ब्रोमेलेनचं काम संपतं. म्हणूनच शिजवलेला अननस जिभेला चावत नाही.

नारळाचं दूध

तोवर नारळ. फोडून द्यायचं काम मोठ्यांचं, खवायचं काम तुमचं. पण विळीच्या खवणीवर हात सांभाळून! खवलेलं खोबरं एक वाटी कोमट पाण्याबरोबर मिक्सरमधून काढा आणि स्वच्छ फडक्यातून घट्ट पिळा. हे झालं जाड दूध. ते बाजूला ठेवा. उरलेल्या चोथ्यात दोन वाट्या कोमट पाणी घालून पुन्हा वाटा, पुन्हा पिळा. हे पातळ दूध.

पाणी कोमटच का? थंडीत खोबरेल तेल बाटलीत गोठून बसतं, ते तुम्ही पाहिलंय. साधारण २४-२५ अंश सेल्सियसच्या खाली ते घट्ट व्हायला लागतं. नारळाच्या दुधातला मऊपणा त्या तेलाचाच असतो. गार पाणी घेतलं तर तेल खोबऱ्यातच अडकून राहतं. कोमट पाण्यात ते सुटं होऊन दुधात उतरतं.

नारळ नसेल तर तयार नारळाच्या दुधाचा डबा किंवा पूड चालेल. अर्धं तसंच जाड ठेवा, अर्ध्यात पाणी घाला.

कृती

१. जाड बुडाच्या पातेल्यात एक चमचा तेल तापवा. अननसाचे तुकडे चार-पाच मिनिटं परता. त्यांच्यावर सोनेरी डाग पडले आणि घरभर खमंग वास सुटला की काढून ठेवा.

२. त्याच पातेल्यात उरलेलं तेल घाला. ठेचलेला लसूण, आलं आणि मग बारीक चिरलेला कांदा. कांदा मऊ झाला की टोमॅटो.

३. आता कोंबडी, तिच्या सुटलेल्या रसासकट. मोठ्या आचेवर पाच-सात मिनिटं परता. मांसाचा गुलाबी रंग जाऊन ते पांढरं दिसू लागेल.

४. नारळाचं पातळ दूध ओता. उकळी आली की आच मंद करा आणि झाकण ठेवा. पंधरा मिनिटांनी गाजराचे तुकडे घाला. पुन्हा झाकण, आणखी दहा मिनिटं.

५. शिजली का ते असं पाहा : तंगडीच्या सगळ्यात जाड भागात सुरीचं टोक खुपसा. बाहेर येणारं पाणी स्वच्छ हवं, गुलाबी नको. मांस हाडापासून सुटायला लागलेलं हवं. शंका आली तर आणखी पाच मिनिटं. या एका गोष्टीत घाई नको.

६. परतलेला अननस आणि ढोबळी मिरची घालून पाच मिनिटं शिजवा. मीठ चाखून पाहा आणि लागलं तर घाला.

७. आच अगदी मंद करा. जाड दूध हळूहळू ओता, ढवळत राहा. कडेला बारीक बुडबुडे दिसले की गॅस बंद!

जाड दूध शेवटी का, हे आता तुम्हीच सांगा. नारळाचं दूध म्हणजे पाण्यात तरंगणारे तेलाचे बारीक बारीक थेंब. खूप उकळलं किंवा अननस-टोमॅटोच्या आंबटपणात फार वेळ ठेवलं, तर ते थेंब एकमेकांना चिकटतात आणि दूध फुटतं. खायला काही अपाय नाही, पण रस्सा दाण्यादाण्याचा दिसतो. कारण कळलं की क्रम पाठ करावा लागत नाही. पाढ्यांचंही तसंच आहे, पण तो विषय पुन्हा कधीतरी!

ज्यांच्या घरी कोंबडी खात नाहीत, त्यांनी हिरमुसू नका. उकडलेले बटाटे आणि भिजवून शिजवलेले काबुली चणे घ्या. रसात मुरवायची पायरी सोडा, बाकी सगळं तसंच. कोकणातल्यांना ओले काजूगर मिळाले तर मग विचारायलाच नको.

आता वाढायची वेळ

एका वर्षी चौथीच्या वर्गात भागाकार शिकवताना मी एक गणित घातलं. कोंबडीला तंगड्या दोन, घरात माणसं पाच. कुणाला किती?

एक मुलगा म्हणाला, "भागाकार कशाला, बाई? एक बाबांची, एक माझी."

"आणि आईला?"

"आईला मान आवडते."

मागच्या बाकांवरून लगेच तीन-चार आवाज, "आमच्या पण आईला!"

मला गंमत वाटली. गावातल्या इतक्या आयांना नेमकी मानच कशी काय आवडते? मी म्हटलं, उद्या विचारून या. दुसऱ्या दिवशी एका मुलीने वहीत लिहून आणलं होतं, 'मी आईला विचारले. आई म्हणाली, मला काय, काहीही चालतं. म्हणून आईला काय आवडते ते कळले नाही.' त्या ओळीखाली मी बरोबरची खूण केली.

मुलांनो, प्रत्येक घरात 'मला काहीही चालतं' म्हणणारं एक माणूस असतं. कुठे आई, कुठे आजी, कुठे मोठी ताई, तर कुठे बाबासुद्धा. ते माणूस सगळ्यात शेवटी जेवायला बसतं. तोवर रस्सा निवलेला असतो आणि पातेल्यात मान नाहीतर पंखाची टोकं उरलेली असतात. यात कुणी मुद्दाम दुष्टपणा करतं असं नाही. रोज तसंच होतं, म्हणून कुणाला ते दिसत नाही.

या रविवारी पळी तुमच्या हातात आहे. म्हणून तीन गोष्टी करा.

पहिली : त्या माणसाचं पान सगळ्यात आधी वाढा, गरम गरम.

दुसरी : विचारून वाढा. "कुठला तुकडा वाढू?" असं विचारा. "काहीही" हे उत्तर आज चालणार नाही, असं सांगा. खरंच मान आवडत असेल, तर खुशाल मान वाढा. पण पातेल्यात दोन्ही तंगड्या असताना विचारा, संपल्यावर नाही.

तिसरी : सगळे एकदम बसा. मध्येच भात आणायला, पाणी आणायला उठायचं ते तुम्ही.

आता एक अडचण येणार, ती आधीच सांगून ठेवते. तुम्ही वाढलेली तंगडी ती आई हळूच उचलून तुमच्याच ताटात टाकेल. तेव्हा काय कराल? ठामपणे म्हणा, "आज वाढणारी मी आहे. पानात वाढलेलं मुकाट्याने संपवायचं!" हे वाक्य तिच्या चांगल्या ओळखीचं आहे. इतकी वर्षं आपण तिच्याकडूनच ते ऐकत आलोय.

दुसऱ्या तंगडीचं काय? ते तुमच्या घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवा. मांस सोडवून पाच वाटे करा, पाळी लावा, नाहीतर चिठ्ठ्या टाका. गणिताच्या पुस्तकात याचं एकच उत्तर नाही.

आणि हो, जेवण झाल्यावर खरकटी भांडी! ती घासून पालथी घातली की स्वयंपाक संपला. त्याआधी नाही.

पालकांसाठी दोन शब्द

गॅस पेटवणं, नारळ फोडणं, अननस सोलणं आणि तापलेलं पातेलं उतरवणं ही कामं तुम्ही करा. दहा वर्षांखालच्या मुलांना भाज्या धुणं, लसूण सोलणं, ताटं-वाट्या मांडणं अशी कामं द्या. आचेजवळ ती एकटी नकोत. बाकीच्या वेळी मात्र शेजारी उभं राहून "असं नाही, तसं कर" म्हणायचं टाळा. ओट्यावर पसारा होईल. कांदे ओबडधोबड चिरले जातील. होऊ द्या. मुलगा असेल तर "तू कशाला रे यात?" असं कुणी म्हणू नका, पाहुण्यांनीसुद्धा. आणि तंगडी पानात पडली तर ती खा. मुलांना शिकवायचं म्हणून तरी खा.

या आठवड्याचा गृहपाठ

१. दोन वाट्यांत थोडं थोडं गार दूध घ्या. एकीत कच्च्या अननसाचे दोन तुकडे टाका, दुसरीत चांगले उकळून गार केलेले दोन तुकडे. अर्ध्या तासाने दोन्हींतलं दूध चमच्याने चाखा. एक दूध कडवट लागेल. कुठलं आणि का? प्रथिनं दुधातही असतात, एवढीच खूण सांगते.

२. सोमवार ते शनिवार, घरात सगळ्यात शेवटी कोण जेवायला बसतं ते वहीत लिहा. नुसतं लिहा, कुणाला काही बोलू नका. रविवारी ती वही उघडी ठेवूनच बेत ठरवा.

शाकाहारी घरांनी तंगडीऐवजी पहिली टम्म फुगलेली गरम पोळी कुणाच्या पानात पडते, ते लिहा. हिशेब तोच आहे.

आणि मला पत्रातून जरूर कळवा, आईने तंगडी खाल्ली का?

तुमची,
बाई